खांडेनवमीचा विसावा

"बटन दाबा शेठ, नुसतं दाबीसन ठेवा," लीलाधर म्हणाला.

बन्सीलाल शेठनी बटन दाबलं आणि टीव्हीच्या पडद्यावर केळी भरलेला ट्रक चोपड्याच्या रस्त्यानं सुटला. दुतर्फा केळीची झाडं लांबून बोटाएवढी दिसत, जवळ येता येता पडद्याएवढी होत आणि सर्रकन मागं जात. त्यांच्यामागं सातपुडा अगदी सावकाश सरके. ट्रकखाली त्याची सावली पळे. वळण आलं तसे शेठ खुर्चीतच कलले. पासष्टीचा माणूस, पण तापीच्या पुलाखाली पाणी चमकलं तेव्हा पोरासारखा हसला.

"हाई बठ्ठं तुन्हा डोकामातलं?"

"मन्हाच, शेठ."

लीलाधर शेठच्या डाळ मिलमधल्या यंत्रांच्या मोटारी दुरुस्त करी. बारा वर्षांत त्याच्या हाताखाली एकही मोटार दोन तासांवर बंद राहिली नव्हती. हा टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर शेठच्या जावयानं दुबईहून नातवंडांसाठी आणलेला. नातवंडं आठ दिवसांत विटली, तेव्हा शेठनीच तो ऑफिसात ठेवून लीलाधरला दिला. माणूस दिलदार, आपलं काही जात नाही तोवर.

आज चार वाजता असे खेळ बनवणाऱ्या कंपनीचा पुण्याचा साहेब येणार होता. वहीतलं काही दाखवू नका, खेळ डोळ्यांदेखत पळताना पाहीन, पटला तर नोकरीचं पत्र जागेवर देईन, असं त्यानं कळवलं होतं.

"आन हाई बंद पडनं तर?" शेठनी सहज विचारावं तसं विचारलं.

"बठ्ठं जाई. वीज शे तवर याले आठवन."

या कॉम्प्युटरचं काम गाण्यांसारखं टेपच्या कॅसेटवर साठवायचं, पण कॅसेटवर होता तो नुसता सरळ रस्ता. वळणं, डोंगर, सावली, पूल, सगळं या नऊ दिवसांतलं. ते कॅसेटवर उतरवायचं तर ऑफिसचा टेपरेकॉर्डर गल्लीतल्या मंडळानं गरब्यासाठी नेलेला. दुसऱ्यांचे दोन आणून पाहिले, त्यांच्यावर ते उतरेना. म्हणून लीलाधरनं, वीज गेली तरी चालावं अशी, ट्रकची बॅटरी जोडली होती आणि घटस्थापनेपासून कॉम्प्युटर एकदाही बंद होऊ दिला नव्हता. घरात झुंबरबाई शेठाणींचा अखंड दिवा आणि इथं हा. दोन्हीकडं नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा.

"ही एक वायर तेवढी सुटाले नको," त्यानं मागं बोट दाखवलं. शेठनी वाकून वायर नीट पाहून घेतली.

दोन वाजता पूजा निघाली. खांडेनवमीला मिल बंद. मोटारी झाडून, पुसून त्यांना झेंडूचे हार लीलाधरनंच घातले होते. शेठ एकेका यंत्राला हळदकुंकू लावत चालले, मागून तो नारळांचं ताट घेऊन. ऑफिस सगळ्यात शेवटी आलं. शेठनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, बटनांवर फूल वाहिलं, डोळे मिटून हात जोडले. मग वाकले आणि मागची वायर उपटली.

पडद्यावर मुंग्याच मुंग्या झाल्या.

"आज यंत्रले इसावा," शेठ म्हणाले.

"शेठ, तुमले सांगेल व्हतं."

"सांगेल व्हतं ना. म्हनीसनच ती वायर मी सोता काढी." आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. "तू गया तर मन्ह्या मोटारी कोन देखी?"

त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि अर्धी वाटी लीलाधरपुढं धरली. ती त्यांच्याच कपाळात घालावी असं त्याला वाटलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि प्रसाद घेतला.

चारला दहा मिनिटं असताना फाटकाशी रिक्षा थांबली. शेठ अंगण ओलांडून घरात शिरत होते. आत देव्हाऱ्याकडं वारा येत असावा, कारण त्यांचा काळजीचा आवाज बाहेर ऑफिसापर्यंत ऐकू आला.

"खिडकी लाव वं, झुंबर. दिवा इझाले नको."