तांब्याची तार

जब्बार मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. जुन्या मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकच्या रॉडला जिथे पिन हवी, तिथे तांब्याच्या तारेचा तुटका तुकडा अडकला होता. तारेला उलटा पीळ होता. यावलमध्ये डावखुरा मिस्त्री एकच, तो स्वतः.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गॅरेज टाकून दोनच महिने झाले होते. वनरक्षक कौतिकभाऊ सातपुड्यात ड्यूटीवर जायच्या घाईत होते आणि पिना संपल्या होत्या. "उद्या पिन टाकून देतो," असं म्हणत जब्बारने तार गुंडाळली. दुसऱ्या दिवशी, पिन टाकायच्या आधीच, उतारावर गाडी कोसळली. भाऊंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मुरमावरून घसरलो, असंच ते सगळ्यांना सांगत आले. जब्बारनेही तेच खरं मानलं होतं.

ती टू-स्ट्रोक तेव्हापासून गोठ्यात पडून होती. भाऊंनी ती विकली नाही, कोणाला खोलूही दिली नाही. आता त्यांची मुलगी मोहिनी त्याच खात्यात लागली होती. जंगलात हीच गाडी नेणार, असा तिने हट्ट धरला. भाऊ एवढंच म्हणाले, "जब्बारकडेच दे."

जब्बारने काम सोडलं नाही. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवला. कार्बोरेटर धुतला. चढासाठी चेनचं मागचं स्प्रॉकेट मोठं घातलं, मातीत पकड घेणारे गोट्यांचे टायर चढवले. ब्रेकला नवी पिन टाकली आणि ती निसटू नये म्हणून तिचे पाय दोनदा वाकवले. तिसऱ्या किकला गाडीने निळा धूर सोडला. तार फेकून दिली असती, तर कोणाला काही कळलं नसतं.

तो गाडी घेऊन भाऊंच्या घरी गेला. मोहिनी कामावर होती. भाऊ ओट्यावर बसले होते. जब्बारने मूठ उघडली.

"भाऊ, हे माह्या हातचं आहे. तुमचा पाय माह्यामुळे गेला."

भाऊंनी तार घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"माले ठाऊक आहे. माणसं येईपर्यंत मी गाडीपाशीच पडेल होतो. रॉड डोळ्यासमोर लोंबत होता."

जब्बार पायरीवर टेकला. "मंग बोलले का नाही? आन् इतकी वर्षं गाडी कोणाले खोलू का देली नाही?"

"तुहं गॅरेज नवं होतं," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या मिस्त्रीनं खोलली असती, त त्याले तार दिसली असती."