कोरडी खोली

ओचांगच्या बॅटरी कारखान्यातल्या कोरड्या खोलीत एका वेळी चौघींनीच जायचं, असा नियम होता. श्वासातला ओलावासुद्धा लिथियमला बाधतो. काचेबाहेर बसलेल्या फोरमन ग्वाकसमोरचा ओलाव्याचा काटा एकदम चढला. खोली सुकवायला भरमसाट वीज लागायची, आणि ग्वाक जेवणाच्या सुट्टीत दिवेही मालवणारा माणूस. त्याने माइक ओढला. "आत किती जणी आहात?" "चारच, साहेब." काचेपलीकडे पांढऱ्या पोशाखांची गर्दी दिसत होती. "चौघी मिळून दहा जणींचा श्वास घेताय वाटतं." गर्दी जरा बाजूला सरली. मधोमध ओक्बुनताई बंद यंत्रावरून हात फिरवत होत्या. कामाची पाळी संपली होती, माल हवाबंद झाला होता, आणि उद्यापासून ताई निवृत्त. त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, भरलेले. ग्वाकने हवा सुकवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. "रडा ताई, हवं तेवढं," तो म्हणाला. "सुकवायचं मी बघतो."