चारशे बारा पावलं

“सकाळी अकराला आरोपीचा फोन जप्त करून तुम्ही पाकिटात सीलबंद केलात. मग दुपारी तीनला हाच फोन चारशे बारा पावलं चालला कसा? पाकिटाला पाय फुटले होते? आणि धमकीचे मेसेजही नेमके तेव्हाच आत घुसले!” वकिलाने पावलांची नोंद असलेला फोनच्या तपासणीचा अहवाल टेबलावर आपटला. साक्षीच्या पिंजऱ्यातला फौजदार अहवालाची पानं उलटू लागला.

कोर्टाबाहेर आला तरी वकील धुमसतच होता. “वर्दीला काळिमा आहेत हे हलकट!”

आरोपीची आई बाकावर बसली होती. “पावलं बघायचं तुम्हाला बरं सुचलं.”

“अठरा वर्षं पोलिसात काढलीत मी, मावशी. सील मारल्यावर कोण काय दिवे लावतो, सगळं ठाऊक आहे मला. तुमचा मुलगा सुटलाच समजा.”

तिने ना हात जोडले, ना डोळे पुसले. त्याच्या नजरेला नजर भिडवून म्हणाली, “माझ्या थोरल्याचा फोन तुम्हीच सील केला होता, साहेब. तो अजून तुरुंगात सडतोय. म्हणून तर धाकट्यासाठी शोधत शोधत तुमच्याकडेच आले.”