इकत घेतलेला खेळ

लकव्यानं केशरबाईंचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. दोन वर्षांत डॉक्टरांनी हात टेकले. मग त्यांच्या यजमानांनी, वासुदेवरावांनी, नागपूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. पडद्यावर मोटारी पळवता पळवता केशरबाईंची बोटं जॉयस्टिकच्या दांडीवर वळायला लागली; तोंडातून शब्द मात्र फुटला नाही. वासुदेवराव रोज त्यांच्याशी खेळायला बसत आणि खरोखरच हरत.

एक दिवस व्होल्टेज वाढून मशीन जळाली. नवी घ्यायला दोघं वरठीहून भंडाऱ्याच्या दुकानात आले. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची मशीन पुढं ठेवली. वासुदेवरावांनी पिशवीतून मोटारींच्या खेळाची कॅसेट काढून तिच्यात घालून पाहिली. ती बसेना.

"ही याच्यात नाही चालत, काका. हाच खेळ पाहिजे असन तं या मशीनचा नवा घ्या लागन."

"अजी, मशीन जळली, खेळ थोडीच जळला! तो तं आमी इकत घेतला आहे ना?"

"तो त्या मशीनपुरताच घेतला होता तुमी."

"म्हंजे खेळ आमचा, अन् आमीच नाही खेळाचं?"

"का... काहून?"

आवाज मागच्या स्टुलावरून आला होता. वासुदेवराव गर्रकन वळले. केशरबाई दुकानदाराकडे रोखून पाहत होत्या. रागानं त्यांचे ओठ थरथरत होते.

"त्याचं असं आहे, काकू..." दुकानदार समजवायला लागला.

वासुदेवरावांनी झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नोको, बावा! तिले अखीन एकदा विचारू दे."