आडवा सुळा

मोतीबाईने दगड उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"मार ना, याहा," रमिला आईला म्हणाली. झऱ्याकाठच्या खडकावर ती आ वासून बसली होती. वरच्या ओळीतला एक सुळा रांग सोडून बाहेर आला होता. आईच्याही तोंडात तसाच, त्याच जागी.

परवा कातरवेळी मोळी घेऊन येताना जंगलखात्याच्या नाकेदाराने रमिलाला मागून कवळलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि पळाली. तोंड त्याला दिसलं नाही. पण मनगटावर दातांच्या दोन कमानी उमटल्या, आणि वरच्या कमानीबाहेर एक खोल भोक. आज धडगावहून फौजदार आला होता. बायकांची तोंडं तपासायची, जिचं जुळेल तिला कोठडीत न्यायचं. न्यायला बरोबर नाकेदार होताच.

एक घाव, की पोर सुटली. पण हाच तो सुळा. त्याच्यामागे घास अडकतो म्हणून मोतीबाईने पोरीला दुधाचे दात पडल्यापासून रोज सकाळी इथे आणलं होतं. करंजाची काडी चावून कुंचला करायचा, आधी मागून फिरवायची, मग पुढून. सगळा पाडा हसायचा. शेजारची धनुबाई तर मशेरीचं बोट हिरड्यांवर फिरवत विचारायची, "एवढे घासून दात कुणाला देणार गं? देवमोगरा मातेला वाहणार?" धनुबाईच्या बोटाला आता तोंडात कुठेच अडथळा उरला नव्हता.

वरून कोतवालाची हाक आली. मोतीबाईचा हात उठला. मग दगड पाण्यात पडला.

मोहाच्या झाडाखाली बाजेवर फौजदार गाल धरून बसला होता. त्याची दाढ रात्रभर ठणकली होती, त्यामुळे दुनियेतल्या सगळ्या चांगल्या दातांवर त्याचा राग होता.

"म्हाताऱ्यांना बाजूला घ्या," तो म्हणाला. "रिकाम्या मडक्यांत काय बघायचं?"

म्हाताऱ्या आनंदाने बाजूला झाल्या. दात नसल्याचा फायदा त्यांना पहिल्यांदाच होत होता. रांग सरकू लागली. रमिलाच्या पुढे आता पाड्यातली एकटी भुरी उरली.

मोतीबाई म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून निघाली आणि भुरीला ढकलून फौजदाराच्या पुढ्यात बसली.

"मी चावले त्याला. बघ."

नाकेदार हसला. "हाई डोकरी? साहेब, खोटं बोली ऱ्हायनी ती."

तिने तोंड उघडलं. फौजदार वाकला तो वाकलेलाच राहिला. पिकल्या केसांखाली दातांची अख्खी रांग, धुतल्या तांदळासारखी, आणि एक सुळा रांगेबाहेर. त्याने नाकेदाराचं मनगट ओढून तिच्या तोंडाशी धरलं. जुळलं.

"साहेब, ती जवान व्हती!"

फौजदाराने गालावरचा हात काढला. "अंधारात काही दिसलं नाही म्हणालास ना? मग जवान कशावरून कळली? हात कुठे होते तुझे?"

नाकेदाराने मनगट पाठीमागे नेलं.

फौजदाराला सगळं कळलं असं म्हणता येत नाही, कळलं नाही असंही नाही. गोऱ्या साहेबाला एक नाव कळवायचं होतं, ते मिळालं होतं. दाढ पुन्हा ठणकली.

"बांधा हिला," तो म्हणाला. "बाकीच्यांनी घरी जा."

दोरी आवळली तशी रमिला रांगेतून धावली. हंबरडा फुटणार, एवढ्यात मोतीबाई खेकसली, "तोंड मीट!"

रमिलाने ओठ दाबून धरले. डोळ्यांतून धारा, नाकातून श्वास, आणि तोंड गच्च बंद. नाकेदार तिच्याकडेच बघत होता.

घाटाच्या पहिल्या वळणावर मोतीबाई थांबली. मागे वळली. बांधलेले दोन्ही हात तिने तोंडापाशी नेले आणि एक बोट उभं करून हवेत फिरवलं, आधी मागून, मग पुढून.