जुन्या मालकिणीची पाकिटं

या वेळचं पाकीट चिलीहून आलं होतं. तिकिटावर पेंग्विन होता. अक्षयाने ते लेटरबॉक्समधून काढलं आणि जिन्यातच उजेडाला धरून पाहिलं. नाव तेच, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: कादंबरी. आडनाव नाही, पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही.

चार वर्षांतलं हे सहावं. दिल्लीतल्या मयूर विहारचा हा फ्लॅट तिच्या सासऱ्यांनी, विश्वनाथरावांनी, एका बंगाली बाईंकडून घेतला आणि वर्षभरात ते गेलेच. त्या बाईंचं नाव कुणालाच धड माहीत नव्हतं. सोसायटीत सगळे त्यांना मिसेस घोष म्हणत. विकून कुठे गेल्या, देव जाणे. पहिलं पाकीट अक्षया पोस्टमनला परत द्यायला गेली, तर 'मैडम, अब कहाँ भेजूँ?' म्हणत त्याने ते पुन्हा तिच्याच हातात ठेवलं.

दुसऱ्याचं पत्र फोडणं तिच्या रक्तात नव्हतं. पण अशी तिकिटं टाकवतही नव्हती. नॉर्वेची बोट, ब्राझीलचा पोपट, आता हा पेंग्विन. बाई कधी भेटल्याच तर देता येतील, असं स्वतःला बजावत तिने बंद पाकिटं तशीच एका अल्बममध्ये लावून ठेवली होती.

वर सासूबाई दाराकडे कान लावून बसल्या होत्या. साखरेने प्रभाबाईंचे डोळे गेले होते आणि आता किडन्यांनीही हात टेकले होते.

"काही आलं?"

हा रोजचा प्रश्न. अशोकचं पत्र आलं का, असा त्याचा अर्थ. हा धाकटा भाऊ चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात मांडवातून उठून गेला, तो पुन्हा दिसला नाही. कशावरून बिनसलं, ते त्या कधी सांगत नसत. बारीकशीच गोष्ट होती आणि मी गप्प बसले, एवढंच म्हणत. तेव्हा तो नाशिकला एका कारखान्यात होता. अक्षयाच्या नवऱ्याने, यशोधनने, फेसबुकवर डोळे फुटेस्तोवर शोधलं, पण त्या नावाचे शेकडो निघाले. आपण मरण्याआधी अशोकने एकदा 'ताई' म्हणावं, पत्रात का होईना. बाकी कशाची इच्छा त्यांना उरली नव्हती.

"नाही हो आई. जुन्या मालकिणीचंच आहे, फॉरेनचं."

अक्षयाने पाकीट त्यांच्या हातात दिलं, पेंग्विनचं वर्णन केलं. त्या तिकिटाच्या दातेरी कडेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"नशीबवान आहे बाई," त्या म्हणाल्या. "कुणीतरी किती चिकाटीने लिहितंय तिला."

मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. अक्षयाला स्वतःची शरम वाटली. त्यानंतर आलेलं पाकीट तिने त्यांना दाखवलं नाही.

जानेवारीत डायलिसिसही सोसेना. शुद्ध जाण्याआधी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. येईल, बिल्कुल येईल, असं यशोधन म्हणाला. दोन दिवसांनी त्या गेल्या.

तेराव्याला साताऱ्याहून शेवंतामावशी आल्या, प्रभाबाईंची मामेबहीण. फोटोसमोर बसून त्यांनी डोळे पुसले. अक्षयाने चहा दिला आणि तिच्या मनात इतके दिवस साठलेलं बाहेर पडलं. आईंनी शेवटच्या श्वासापर्यंत वाट पाहिली, पण त्या माणसाने दोन ओळीही खरडल्या नाहीत, असं ती म्हणाली. न पाहिलेल्या त्या मामांचा तिला संताप आला होता.

मावशींना ते खरं वाटेना. चार वर्षांपूर्वी अशोकने फोन करून दिल्लीचा पत्ता त्यांच्याकडूनच घेतला होता. तू काही बोलू नकोस, मीच लिहीन, अशी शपथही घातली होती.

"मग राग गेला नसेल," मावशी म्हणाल्या.

"एवढा कसला राग?"

"लग्नात हिचं नाव बदललं, त्याचा. ताटातल्या तांदळात विश्वनाथरावांनी 'प्रभा' लिहिलं आणि हा तरातरा उठून गेला. पुढे मालवाहू जहाजावर लागला, सगळं जग फिरला, पण हट्ट तोच. त्या फोनवरसुद्धा मी प्रभा म्हटलं, तर मलाच विचारतो, कोण प्रभा? माझ्या ताईचं नाव कादंबरी आहे."