सात चाळीसची जोडणी

"पुन्हा तीच वॉर्निंग," साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. "उद्या दुपारी तपासणीवाले येतायत. लॉग कोरा हवा."

"कोरा लॉग दिसला की घाबरायचं, साहेब."

दवाखान्याचा मेल सर्व्हर ती नऊ वर्षं सांभाळत होती. रुग्णांचे सगळे अहवाल त्यावरून जात. एक जरी परक्याच्या हाती लागला, तर तिची धडगत नव्हती. म्हणून लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीच्या, ओळी ती वर्तमानपत्रासारख्या वाचायची.

बाहेरून जोडणी आली, पासवर्ड नाकारला, जोडणी तुटली. रोज सकाळी सात चाळीसला, एकदाच.

"चोर असेल. बंद कर त्याचा पत्ता."

"पत्ता बदलत असतो, घरगुती इंटरनेटचा बदलतोच. आणि चोर शंभर पासवर्ड लावून बघतो. हा एकदा दार वाजवतो आणि मुकाट जातो. सभ्य आहे."

"नाव कुणाचं सांगतो?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. साहेबांनी वाकून नाव वाचलं. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी तिनेच त्यांचा पासवर्ड बदलला. चौथ्या दिवसापासून ही ओळ सुरू झाली.

"त्याआधी वर्षभर याच वेळेला जोडणी सुरळीत व्हायची," ती म्हणाली. "बाबांचा घरचा कॉम्प्युटर आहे. आपोआप मेल आणायला लावून ठेवलाय. माणूस गेला, हे त्याला कोण सांगणार?"

"मग काय करतेस?"

"जुना पासवर्ड परत लावते. त्याला मेल मिळाले की गप्प बसेल."

साहेबांनी मान डोलावली. "तू म्हणतेस म्हणजे असेलच."

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला वॉर्निंग आली नाही. जोडणी झाली, पासवर्ड जुळला आणि पाच मिनिटांत दीड महिन्याचे सगळे अहवाल उतरवून घेतले गेले. बाबांनी चहाचा कप बाजूला सरकवून चष्मा लावावा, तसं काहीतरी तिला वाटलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली. तिने घरी फोन लावला.

"आई, बाबांचा कॉम्प्युटर सुरू असतो ना, तो राहू दे हं तसाच. बंद नको करूस."

"कुठला सुरू असतो?" आई म्हणाली. "ते गेले त्याच दिवशी बंद केला मी. वायरसुद्धा काढून ठेवलीय."